होडीला आउटबोर्ड मशीन पक्कं कसं बसवायचं, नवीन माणसासाठी पहिल्यापासून

नारळी पौर्णिमा जवळ आली की माझा फोन वाजायला लागतो. पावसाळाभर माडाच्या झापाखाली पालथ्या घातलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरवायच्या असतात, कुणीतरी सेकंडहँड मशीन घेतलेलं असतं, आणि प्रश्न ठरलेला, "दादा, ९.९ एचपीचं मशीन आहे, होडी सोळा फुटी फायबरची, मागे टांगून चाव्या आवळल्या की झालं ना?" तर नाही झालं. चाव्या, म्हणजे मशीन होडीला दाबून धरणारे हाताने फिरवायचे स्क्रू, आवळणं हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी भरवशाचं काम आहे. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. मी मालवण तालुक्यातला, आमच्याकडे खाडीत आणि किनाऱ्याजवळ चालणाऱ्या १४ ते २० फुटी फायबरच्या होड्या जास्त, मशीनं ८ ते १५ एचपीची, बहुतेक यामाहा नाहीतर सुझुकी, दांड्याने वळवायची. मी लिहितोय ते याच मापाच्या होड्यांसाठी. ४० एचपी आणि त्याच्या वरचं मशीन बसवायचं असेल तर ते जाणत्या मेकॅनिककडूनच बसवून घ्या, तिथे वजन आणि जोर दोन्ही वेगळेच असतात.

आधी मशीन होडीला कुठून ढकलतं ते समजून घ्या, बाकी सगळं त्यावरून आपोआप कळतं. पंखा पाण्यात खाली असतो आणि ब्रॅकेट वर ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या सपाट फळीला, अडकवलेलं असतं. दोघांमध्ये दीड-दोन फुटांचं अंतर. पंखा पुढे रेटतो तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग फळीवर दाबला जातो आणि वरचा भाग मागे ओढला जातो, पहार घालून खिळा उपटावा तसा. रिव्हर्स मारला की नेमकं उलटं होतं, मशीन खालून उचलायला बघतं. त्यात इंजिनचा हादरा आणि दांडा डावी-उजवीकडे फिरवला की बसणारी पिळणी, हे तासन्‌तास चालू. आता सांगा, दोन चाव्यांच्या टोकांना असलेल्या रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या चकत्या हे सगळं किती दिवस धरून ठेवणार? त्या धरतात, पण मागचं लाकूड चांगलं असेल तोपर्यंतच.

आधी माप, मग मशीन

खूप जण स्वस्तात मिळालं म्हणून मशीन आधी घेतात आणि मग होडीवर नेऊन बघतात, तसं करू नका. मशीनची दांडी, म्हणजे शाफ्ट, साधारण तीन मापांत येते, शॉर्ट १५ इंच, लाँग २० इंच आणि एक्स्ट्रा लाँग २५ इंच. होडीची उंची कशी मोजायची तर होडी वाळूवर किंवा ओंडक्यांवर सरळ ठेवा, पाण्यात तरंगते तशी, आणि ट्रान्समच्या वरच्या कडेच्या बरोबर मध्यावरून ओळंबा सोडून तळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूच्या पातळीपर्यंत उभं अंतर मोजा. ट्रान्सम मागे कललेला असतो, टेप त्या उतारावरून फिरवलात तर माप थोडं जास्त येतं.

मशीनवर पंख्याच्या अगदी वर एक आडवी चपटी पाती असते, तिला सगळे कॅविटेशन प्लेट म्हणतात. मशीन बसल्यावर ती पाती होडीच्या तळाच्या पातळीत किंवा फार तर एक इंच खाली यायला हवी, एवढं एक लक्षात ठेवा. पाती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, वळताना इंजिन किंचाळतं पण होडी पुढे जात नाही. पाती फार खाली गेली तर पाणी उडतं, होडी जड चालते, आणि आमच्या खाड्यांमध्ये ओहोटीला मशीन वाळूला घासायला लागतं. ट्रान्सम १७ इंच आणि मशीन २० चं असेल तर वरच्या कडेवर सागवान किंवा तशाच कडक लाकडाची दोन इंची पट्टी चढवा, पण ती बोल्ट मारून, इपॉक्सीने चिकटवून, वर फायबर ओढून होडीचाच भाग करून टाका. फळीचा सुटा तुकडा मध्ये सरकवून वर मशीन टांगलेलं मी बरेचदा बघितलंय आणि दरवेळी अंगावर काटा येतो, कारण हादऱ्याने तो तुकडा सरकला की चाव्या एका क्षणात सैल.

उलट प्रकार, म्हणजे २० इंची ट्रान्समवर १५ चं मशीन, यावर इलाज एकच, मशीन बदला. ट्रान्सम कापून खाली घ्यायचा विचारही करू नका, मागून आलेली एखादी लाट सरळ आत येईल.

एचपी किती चालेल ते होडी बांधणाऱ्याला विचारा, आणि वजनाचाही विचार करा. ९.९ किंवा १५ चं टू-स्ट्रोक साधारण ३५ किलोच्या आसपास असतं, तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ४० ते ५० पर्यंत जातं. त्यात मागे बसलेला माणूस आणि भरलेली टाकी धरा. हलक्या होडीची पिछाडी बसते आणि नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते, मग टाकी आणि नांगर पुढे सरकवावा लागतो.

ट्रान्सम तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे मी थांबणार आहे, कारण माझ्या बाबतीत सगळं बिघडलं ते इथेच.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी फायबरची होडी घेतली, सोळा फुटी. ट्रान्समला नवा निळा रंग मारलेला, दिसायला छान. मशीन टांगलं, चाव्या हाताने घट्ट आवळल्या, आणि पंधरा-वीस दिवस जाळी मारायला जात राहिलो. रोज सकाळी निघायच्या आधी मी चाव्या आवळून बघायचो आणि रोज पाव-अर्धा फेरा बसायचा. मला वाटायचं बघा, आपण किती काळजी घेतो. चाव्या रोज फिरत होत्या म्हणजे आतली फळी रोज थोडी थोडी चेपत होती, हे मला तेव्हा कळलं नाही. चकत्यांनी रंगाखाली दोन वाटोळे खळगे पाडले होते, बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. एका संध्याकाळी ओहोटी लागलेली असताना कर्लीच्या मुखाशी, देवबागच्या टोकाजवळ, मशीनचं खालचं टोक वाळूच्या दांड्याला लागलं. धक्का फार मोठा नव्हता. पण डावी चावी सुटली, मशीन एका चावीवर आडवं झालं, पेट्रोलचा पाइप ताणला, आणि ते माझ्या हातातल्या दांड्यासकट पाण्यात गेलं. दांडा मी सोडला म्हणून बरं. मशीन सुटलं तर धरून ठेवणारी दुसरी रस्सी बांधलेलीच नव्हती. दोन पुरुष पाणी, ओढ जोरात, वल्ह्यांनी कसेबसे किनाऱ्याला लागलो. नंतर तो ट्रान्सम उघडला तर आतला प्लाय काळा पडून ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला होता, नखाने निघत होता.

म्हणून तुमच्या ट्रान्समवर एक तास घालवा. लाकडी हातोडी किंवा पान्याची मूठ घेऊन सगळ्या फळीवर चार-चार बोटांवर टकटक करा, बाहेरून आणि आतून. चांगली फळी टणक, खणखणीत वाजते, सडलेली मठ्ठ वाजते, नारळ हलवून-वाजवून बघायची सवय असलेल्या कानाला हा फरक लगेच कळतो. मग जुनी भोकं बघा, पाणी सोडायच्या बुचाभोवती, हुकांच्या स्क्रूभोवती. तिथून तपकिरी ओल झिरपत असेल किंवा एखादा स्क्रू काढल्यावर त्याच्या आट्यांत ओला भुसा आला तर आत पाणी गेलंय. मशीन आधीपासून टांगलेलं असेल तर ते वर टिल्ट करा आणि खालचं टोक धरून खाली-वर थोडा जोर द्या, दुसऱ्याला ट्रान्समची वरची कड बघायला सांगा. कड हलताना दिसली किंवा कोपऱ्यांत, जिथे ट्रान्सम बाजूंना मिळतो तिथे, केसासारख्या चिरा दिसल्या तर मशीन लावायचं काम बंद, आधी ट्रान्समचं काम.

ते काम गाड्यांची पुट्टी भरून होत नाही. सडलेला भाग कापून काढावा लागतो आणि नवीन प्लाय घालावा लागतो. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा शिक्का बघा, मरीन प्लाय तो. दुकानदार आयएस ३०३ चा दाखवून "हा पण वॉटरप्रूफ आहे" म्हणतात, तो घरातल्या फर्निचरचा. तयार झाल्यावर ट्रान्समची जाडी दीड ते दोन इंच यायला हवी, आणि तुमच्या मशीनचं ब्रॅकेट किती जाडीला बसतं ते आधी मोजून घ्या.

मशीन उचलणं आणि मध्यावर बसवणं

ट्रान्समची रुंदी मोजा, निम्मी करा, मध्यावर पेन्सिलने उभी रेघ मारा, बाहेरून पण आणि आतून पण. नजरेने मध्य काढू नका, एक इंचाने जरी मशीन बाजूला बसलं तरी होडी सतत एका अंगाला ओढते आणि दिवसभर दांडा धरून हात भरून येतो.

उचलायला दोन माणसं लागतातच. पहिल्यांदा बसवताना होडी जमिनीवर असू द्या, पाण्यात हलणाऱ्या होडीत ३५ किलो हातात धरून उभं राहायचं धाडस अनुभवी लोकपण टाळतात. आणि कुठेही उचला, आधी मशीनच्या ब्रॅकेटला रस्सी बांधा आणि तिचं दुसरं टोक होडीला, मगच उचला. मशीन नेताना डोकं नेहमी पंख्यापेक्षा वर ठेवा, नाहीतर खालच्या नळीत राहिलेलं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. फोर-स्ट्रोक आडवं ठेवायचं असेल तर कोणत्या अंगावर ते त्याच्यावर किंवा पुस्तकात दिलेलं असतं, चुकीच्या अंगावर ठेवलं की ऑइल नको तिथे जातं.

ब्रॅकेट ट्रान्समवर पूर्ण टेकवा, खाली फट राहायला नको. रेघेवर मध्य जुळवा. आता चाव्या. त्यांच्या आट्यांना आधी मरीन ग्रीस लावा, नाहीतर सहा महिन्यांत खाऱ्या पाण्याने जाम होतील. आतल्या बाजूने चकत्यांखाली एक पट्टी द्या म्हणजे दाब पसरतो, कडक लाकडाची किंवा ३ मिमी स्टीलची. जाड रबर किंवा टायरचा तुकडा घालू नका, बरेच जण घालतात, "घसरत नाही" म्हणून. रबर दाबलं जातं, हादऱ्याने परत फुगतं-चेपतं आणि चावी सैल होते. दोन्ही चाव्या आळीपाळीने थोड्या थोड्या आवळा, आणि फक्त हाताने. मुठीत पाइप घालून आवळलं की एकतर चावी वाकते नाहीतर फायबर चिरडतं. आवळून झालं की दोन्ही चाव्यांच्या मुठी एकमेकींना तारेने बांधा किंवा बाजारात मिळणारा लॉक लावा, चोरीपासूनही वाचतं आणि चाव्या उलट्या फिरत नाहीत.

दांडा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, मशीन पूर्ण वर टिल्ट करून बघा. कुठे होडीला, टाकीला, केबलला घासत नाही ना?

बोल्ट

मला शिकवणारे काका वारले, पण त्यांचं एक वाक्य अजून कानात आहे, "झिला, बोल्ट मारल्याशिवाय पाण्यात जाव नको." छोटं २-३ एचपीचं मशीन रोज काढून घरी नेणार असाल तर चाव्या आणि रस्सीवर चालून जातं. ८-९.९ आणि वर असेल आणि मोसमभर होडीवर राहणार असेल तर बोल्ट मारायचेच. ब्रॅकेटला त्यासाठी तयार भोकं किंवा लांबट खाचा दिलेल्या असतात, स्वतःहून ब्रॅकेटला भोक पाडू नका.

सामान काय लागेल ते आधीच आणून ठेवा. एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे बोल्ट, ब्रॅकेटच्या भोकात बसतील त्या जाडीचे, या मापाच्या मशीनला बरेचदा ८ मिमी, आणि लांबी एवढी की नट बसल्यावर दोन-तीन आटे बाहेर राहतील. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे नट, मोठे वायसर, आतून द्यायला ३ मिमी एसएसची पट्टी, इपॉक्सी, आणि पॉलियुरेथेनचा मरीन सीलंट. बाथरूमचा सिलिकॉन इथे चालत नाही, खाऱ्या पाण्यात आणि हादऱ्यात तो सुटतो. बोल्ट ३१६ ग्रेडचे घ्या. लोहचुंबक लावून ३०४ की ३१६ ते कळत नाही, डोक्यावर कोरलेलं बघा, ए४ असेल तर ३१६, ए२ असेल तर ३०४. गॅल्व्हनाइज्ड बोल्ट स्वस्त पडतात पण एका मोसमात गंजून त्यांची गंजाची धार ट्रान्समवर उतरलेली दिसते.

मशीन जागेवर असतानाच ब्रॅकेटच्या भोकांतून खुणा करून घ्या, मग मशीन खाली उतरवा. हो, परत उतरवायचं, कंटाळा करू नका, कारण पुढचं काम मशीन अंगावर असताना नीट होत नाही. खुणेवर मास्किंग टेप लावा, आतल्या बाजूला लाकडाचा तुकडा दाबून धरायला सांगा, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना फायबरचे टवके उडतात. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवून वरचा चकचकीत थर थोडा कापून घ्या, मग सरळ. ८ मिमी बोल्टसाठी आधी १२-१३ मिमीचं भोक पाडा. एवढं मोठं का, तर आतला प्लाय उघडा पडलाय आणि पाणी शिरायची तीच वाट आहे. त्या भोकाला आतून टेप लावा आणि घट्ट केलेली इपॉक्सी ठासून भरा, हवेचा बुडबुडा राहायला नको. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी झाली की मधोमध ८.५ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टच्या चहूबाजूंनी इपॉक्सीची नळी आहे, लाकडाला पाणी लागणारच नाही, आणि बोल्ट आवळताना दाब मऊ प्लायवर न येता त्या टणक नळीवर येतो. हे एक दिवसाचं जास्तीचं काम केलं असतं तर आमच्या त्या होडीचा ट्रान्सम सडला नसता, कारण तो कुजला होता तो आधीच्या मालकाने मारलेल्या एका उघड्या भोकापासूनच.

मशीन परत चढवा, मध्य जुळवा, चाव्या आवळा. बोल्टच्या अंगाला आणि डोक्याखाली सीलंट लावून बाहेरून आत घाला. डोकं बाहेर, नट आत, अशी माझी सवय आहे, कारण नट आत असला की पाण्यात असतानाही हात घालून तपासता येतो. आतून पट्टी, वायसर, नट. नटाच्या आट्यांना थोडं ग्रीस, आणि हातपान्याने हळूहळू, इलेक्ट्रिक पाना लावू नका. एसएसवर एसएस वेगाने फिरलं की तापून एकमेकांना चिकटतं, मग कापूनच काढावं लागतं. बोल्टचं डोकं स्थिर धरा आणि नट फिरवा, म्हणजे सीलंट फाटत नाही. आवळताना फायबर कुरकुरलं की थांबा. सीलंट सुकल्यावर शेवटचा थोडासा फेरा द्या. बाहेर आलेला सीलंट लगेच पुसला तर निघतो, नंतर तो हाताचा, कपड्यांचा पिच्छा सोडत नाही.

दुसरी रस्सी

बोल्ट मारले तरी ही बांधायची. सगळं सुटलं तर मशीन तळाला जाऊ नये म्हणून ही असते. ब्रॅकेटला बहुतेक मशीनना यासाठी एक भोक किंवा कडी दिलेली असते, तिथे बांधा. वरच्या झाकणाला, उचलायच्या मुठीला किंवा दांड्याला बांधू नका. होडीच्या बाजूला आरपार बोल्ट मारलेली यू-बोल्ट हवी, स्क्रूने लावलेला हुक नाही, कारण मशीन धरायच्या वेळी तो स्क्रू उपटून येईल. रस्सी १०-१२ मिमी, नायलॉन किंवा पॉलिएस्टर. जाळ्याला वापरतो ती हलकी पीपीची (पॉलिप्रोपिलीनची) रस्सी उन्हात एका वर्षात भुसभुशीत होते, बोटांनी चोळली की धूळ पडते, ती इथे नको. ढील एवढीच ठेवा की मशीन पूर्ण वळेल आणि टिल्ट होईल.

चालू मशीन सुटून रस्सीला लटकलं तर फिरता पंखा होडीजवळ राहतो, म्हणून लाल किल-स्विचची दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला लावलेली असायलाच हवी. ती दोरी मशीनवरच गुंडाळून ठेवणारे पाहिलेत, कृपा करून तसं करू नका, घरी माणसं वाट बघत असतात.

पाण्यात पहिली फेरी

टिल्टची पिन, म्हणजे मशीन किती कललेलं राहील ते ठरवणारी पिन, मधल्या भोकात ठेवून सुरू करा. होडी वेग घेते तेव्हा नाळ फार वर गेली तर पिन एक भोक आत, नाळ पाण्यात घुसायला लागली तर एक भोक बाहेर. रिव्हर्स मारायच्या आधी टिल्ट लॉक, म्हणजे मशीन खाली अडकवून ठेवणारा लॉक, लागलेला आहे ना बघा, नसेल तर मशीन उसळी मारून वर येतं. उथळ वाळूवरून जाताना मात्र लॉक उघडा ठेवा, म्हणजे तळ लागला तर मशीन स्वतः वर उचलेल आणि धक्का ट्रान्समवर येणार नाही. आमचं मशीन गेलं त्या दिवशी लॉक लागलेला होता.

भरतीच्या वेळी, शांत खाडीत, दोघं जण, लाइफ जॅकेट घालून, होडीत वल्ही आणि नांगर ठेवून निघा. इंजिन चालू झालं की मागून इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची पिचकारी येतेय ना ते पहिलं बघा, नसेल तर लगेच बंद. दहा-पंधरा मिनिटं हळू, मग थोडं जोरात, दोन्ही बाजूंना वळवून बघा. वळताना इंजिन किंचाळलं तर मशीन वर बसलंय. मग बंद करा, नांगर टाका, आणि चाव्या, नट, रस्सी सगळ्यांना हात लावून बघा. पहिल्या फेरीनंतर चावी थोडी फिरली तर घाबरू नका, रंग आणि पट्टी बसते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही फिरत राहिली तर मशीन उतरवा आणि फळी बघा. रोज आवळत राहू नका. नटाच्या कडेपासून पट्टीपर्यंत पर्मनंट मार्करने एक सरळ रेघ मारून ठेवा, नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली लगेच दिसते, पाना शोधायची पण गरज नाही.

पेट्रोलचा पाइप मशीन वळताना कुठे चिमटत नाही ना, टाकी पट्ट्याने बांधलेली आहे ना, तेही याच फेरीत बघून घ्या.

मशीन पाण्यात पडलंच तर

आम्ही दुसऱ्या दिवशी ओहोटीला बुड्या मारून ते काढलं, आणि वाळूवर उन्हात ठेवून मेकॅनिकची वाट बघत बसलो. तीच मोठी चूक. पाण्याखाली असताना ते जेवढं गंजलं नव्हतं तेवढं त्या एका दुपारी हवेत गंजलं. खाऱ्या पाण्यातून काढलं की लगेच गोड्या पाण्याने सगळीकडून धुवा, झाकण काढून आतूनही. स्पार्क प्लग काढा, प्लगची भोकं खाली येतील असं ठेवून हाताने हळू फिरवा आणि पाणी बाहेर येऊ द्या. कार्ब्युरेटरमधलं आणि टाकीतलं पेट्रोल टाकून द्या, सिलिंडरमध्ये टू-टी ऑइल घाला, परत फिरवा. फिरताना अडकलं तर जोर लावू नका, चालू असताना बुडालेल्या मशीनची आतली कनेक्टिंग रॉड वाकलेली असू शकते. फोर-स्ट्रोक असेल तर ऑइल बदलल्याशिवाय स्टार्ट करायचा प्रयत्नच नको. हे सगळं काही तासांत होणार असेल तर ठीक. मेकॅनिक उद्या येणार असेल तर मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवा, ऐकायला विचित्र वाटेल पण हवा लागली नाही की गंज थांबतो.

मोसमभर काय बघायचं

रोज परत आल्यावर मशीन गोड्या पाण्यावर पाच-दहा मिनिटं चालवा, पाणी आत घ्यायच्या भोकांवर बसणाऱ्या रबरी कानपट्ट्या लावून नाहीतर पिंपात. ब्रॅकेटवरून पण पाणी मारा, मिठाचे खडे चाव्यांच्या आट्यांतच जमतात. ब्रॅकेटजवळ किंवा खाली पांढरट धातूचा तुकडा असतो, अॅनोड, तो खराब दिसतो म्हणून त्यावर रंग मारू नका. मशीनऐवजी गंजणं हेच त्याचं काम आहे, निम्मा झिजला की बदला. एसएसचा बोल्ट आणि ब्रॅकेटचं अॅल्युमिनियम जिथे भेटतात तिथे पांढरी पावडर दिसायला लागली तर बोल्ट काढून साफ करून ग्रीस लावून नवीन सीलंटने बसवा.

महिन्यातून एकदा उधाणाच्या आधी मार्करच्या रेघा बघा, रस्सी चोळून बघा, चाव्यांखालची पट्टी काढून तिच्यामागे खळगा पडलाय का ते बोटाने तपासा. आणि मे महिन्याच्या शेवटी, पहिला जोराचा पाऊस यायच्या आत, मशीन उतरवून घरी न्या, स्टँडवर उभं ठेवा, बोल्टची भोकं होडीवर उघडी ठेवू नका, त्याच बोल्टना सीलंट लावून ती बंद करून ठेवा, कारण चार महिन्यांचा पाऊस त्या भोकांतूनच ट्रान्सममध्ये उतरतो.